हात न टेकता उठायचं, शब्बीर

शब्बीर, बाजारतळाच्या कोपऱ्यावर तुझा फ्लेक्स अजून आहे. ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, आणि शाळा तपासणीला अधिकारी आले की तू जे हसू काढायचास ते हसू. खाली ज्यांना तुझ्या जाण्याने अतीव दुःख झालं आहे, त्यांचे फोटो आहेत. त्यातल्या निम्म्यांना तू ओळखत नव्हतास आणि उरलेल्यांना तू कधी ना कधी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्यास. माझा फोटो त्यात नाही. पोरं मागायला आली होती. मी म्हणालो, माझा दुःखाचा फोटो काढलेला नाही. आता रोज तिथून जाताना वाटतं, द्यायला हवा होता. तुझ्या शेजारी जागाही होती.

माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच बोलायचं असतं. तुझ्या शोकसभेत सगळे तसंच बोलले, आणि एक वक्ता तर इतकं चांगलं बोलला की मला वाटलं हा दुसऱ्याच कुणाच्या शोकसभेला आला आहे. मी बोललो नाही. मला जे बोलायचं होतं ते माइकवर बोलण्यासारखं नव्हतं. मला तुझा हेवा वाटतो. शाळेत वाटायचा, निवृत्त झाल्यावर जास्त वाटला, आणि आता तू नाहीस तर तो कमी व्हावा, तेही होत नाही.

शिक्षक खोलीत तू मला ‘इतिहास’ म्हणायचास आणि मी तुला ‘ड्रिल’. मी वर्गात घसा कोरडा करून राज्यं उभी करायचो आणि पाडायचो. तू मैदानात एक शिट्टी मारायचास. मांडवगणच्या त्या शाळेत आपण सारखीच वर्षं काढली, पण गावात जुना विद्यार्थी भेटला की तुझ्या पाया पडायचा आणि मला विचारायचा, “सर, तुम्ही पण तिथंच होता ना?” तुला दफन करायला आम्ही दौंडला गेलो, तुझ्या रेल्वेतल्या वडिलांच्या शेजारी. तिथेही तेच झालं. शिक्रापूरच्या कारखान्यात साहेब झालेला एक जण ओक्साबोक्शी रडत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, “सरांनी मला उभं राहायला शिकवलं.” मी त्याला चार वर्षं इतिहास शिकवला होता. ते त्याच्या लक्षात नव्हतं, आणि ती आठवण करून द्यायची ती जागा नव्हती.

तुझं जाणंसुद्धा हेवा वाटावा असं. रात्री जेवलास, झोपलास, सकाळी उठला नाहीस. तू शिकवायचास अगदी तसं: झटका नाही, सांध्यांवर भार नाही.

पण हे सगळं मी गिळलं असतं. खरं दुखणं माझ्या सुमनचं आहे.

तुला माहीत आहे तिच्या गुडघ्यांसाठी मी काय काय केलं. पुस्तकं आणली. वर्तमानपत्रातली कात्रणं फ्रिजवर चिकटवली. शिरूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मांडीचे स्नायू धरून ठेवा, नाहीतर ऑपरेशनशिवाय इलाज राहणार नाही. ऑपरेशनचं नाव काढलं की तिचा चेहरा पडतो. म्हणून मी रोज सकाळी तिला व्यायाम समजावून सांगायचो. कारणासकट. ती ऐकून घ्यायची आणि स्वयंपाकघरात जायची. मांडीच्या पुढच्या स्नायूचं नाव मी तिला एकदा फळ्यावर लिहावं तसं हवेत लिहून दाखवलं. ती म्हणाली, “नाव कळून काय करू? बारसं घालू का त्याचं?”

आणि मग तू एकदा चहाला आलास. ती भिंत धरत धरत कप घेऊन आली. तू कप घेतलास आणि म्हणालास, “वहिनी, बसा. बसल्या बसल्या भाकरी थापता येती का?”

“परात कुठाय?”

“परात न्हाई, पीठ न्हाई. नुसती थापा. पाय जमिनीला टेकवा, पाठ ताठ, हात छातीसमोर. आन् थापता थापता टाचा उचला.”

तिने थापली. हवेत. टाचा वर-खाली करत. मग तिला स्वतःचंच हसू आलं. शब्बीर, तिचं ते हसणं मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसलेली माझी बायको, आणि हसवलं तू. चहाही माझाच होता.

दुसऱ्या दिवशीपासून ती, निवृत्तीनंतर तू सुरू केलेल्या वर्गाला यायला लागली. बाजारतळावरचं पत्र्याचं शेड, मंडपवाल्याच्या निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि गावातली दुखरी माणसं. व्यायाम म्हटलं की आपल्याकडची म्हातारी माणसं लाजतात. व्यायाम तालमीतल्या पोरांचा. ज्याने आयुष्यभर ऊस तोडला त्याने आता हात वर-खाली कशाला करायचे? हे तू ओळखलंस. म्हणून तू व्यायामाचं नावच काढलं नाहीस. ताक घुसळा, म्हणालास, आणि खांदे फिरले. गोफण फिरवा, पण पाखरू मारायचं नाही, सावकाश. सुपात जोंधळे पाखडा. दारं धरा, म्हणजे उसाच्या सरीला पाणी वळवल्यासारखं कमरेतून डावीकडे वळा, मग उजवीकडे. सगळं खुर्चीत बसून, रिकाम्या हातांनी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, इथे कुणीतरी शेत चोरून नेलंय आणि माणसांना अजून पत्ता नाही.

मी लांबूनच बघायचो. सुमनला स्कूटरवरून सोडायचं, शेडसमोरच्या कट्ट्यावर पेपर उघडायचा, आणि वर्ग संपेपर्यंत अग्रलेखावर नजर ठेवून बसायचं. तुझ्या वर्गात कोण काय करतंय याकडे माझं लक्ष नव्हतं, असं सगळ्यांना वाटत होतं. मला तरी वाटायचं की वाटतंय.

तो खुरपणीचा घोळ आठवतो? तू सगळ्या बायकांना एका ओळीत बसवलंस आणि म्हणालास, आता खुरपायचं, कमरेतून थोडं पुढं वाका, परत मागं या. हिरामावशीने आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात खुरपण्यात घातलेलं. खुरपणाऱ्या बायका एका ओळीत बसतात, प्रत्येकीची आपली पात, आणि ओळीत मागे राहणं म्हणजे नाक कापून घेणं. मावशी वाकली, तण उपटलं, आणि खुर्ची इंचभर पुढे सरकवली. शेजारचीने ते पाहिलं. तिनेही सरकवली. बघता बघता सगळी ओळ खुर्च्या घासत पुढे निघाली. तोंडाने कुणी बोलत नव्हतं, फक्त प्लॅस्टिकचा करकर आवाज. तू वर्गातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आबांना दारं धरायला शिकवत होतास, वळून बघितलंस तर बायका शेडच्या दुसऱ्या टोकाला.

“अगं मावशी, रान कुठं पळून चाललंय?”

“ही बघा की सर, माझ्या पातीत घुसायलीय.”

“मी कशाला घुसू? तुझंच तण उरलंय मागं!”

तू शिट्टी मारलीस. सत्तरीच्या बायका गप्प झाल्या, आठवीतल्या पोरींसारख्या. त्या दिवसापासून तू सगळ्या खुर्च्यांचे मागचे पाय भिंतीला टेकवून ठेवायला लागलास, आणि नियम केलास: इथं कुणाचीच पात संपत नाही. मी कट्ट्यावर पेपरमागे हसत होतो. डोळे पुसावे लागले. तुला सांगितलं नाही, तुझं कौतुक झालं असतं.

पुढे त्या उद्घाटनावरून आपण भांडलो. वर्ग चांगला चालतो म्हटल्यावर एका कार्यसम्राटांना त्याचं उद्घाटन करायची इच्छा झाली. चालू असलेल्या गोष्टीचं उद्घाटन ही आपल्या तालुक्याची खासियत. शाल, नारळ, ढोल. साहेब फोटोसाठी खुर्चीत बसले, हवेत भाकरी थापली, आणि भाषणात म्हणाले की हे त्यांचं जुनं स्वप्न होतं. तू शाल पांघरून असा उभा होतास जणू अभिषेक झालाय. मी तुला म्हणालो, लाज वाटत नाही?

“कशाची?” तू म्हणालास. “फोटोपायी का व्हईना, आबा आज अंघोळ करून आले.”

“आणि हे जे तू शिकवतोस तो व्यायाम नाही. कामाची नक्कल आहे.”

“मग तू वर्गात टेबलावर डस्टर आपटून लढाया लढायचास, त्या काय होत्या?”

मला उत्तर सुचलं ते घरी, पण तोवर तू जेवून झोपला असशील. आपलं खरं भांडण मात्र कारणांचं होतं. माझं म्हणणं, माणसाला कारण कळलं पाहिजे. कुठला स्नायू, कशासाठी, न केल्यास काय होईल. तू म्हणायचास, कारण सांगितलं की माणूस बसून त्याच्यावर विचार करतो, आणि बसून विचार करणारी माणसं गावात आधीच खूप आहेत. माझ्याकडे बघून म्हणायचास. हे भांडण आपण मिटवलं नाही. पुढच्या वेळी मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं.

घरी मात्र दिवसभर तूच. “भावजी म्हणत होते, जिना उतरताना दुखऱ्या पायानं सुरुवात करायची.” हे मी तिला कात्रणातून वाचून दाखवलं होतं. “भावजी म्हणत होते, दुखायला लागलं की थांबायचं, दम काढायचा न्हाई.” हेही. एकाच वाक्याला माझ्या तोंडी चव नाही आणि तुझ्या तोंडी वेदवाक्य. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, हे तू तिच्यापुढे ठेवलं होतंस. मांडीत तेवढी ताकद आली की ऑपरेशन लांबलं. आधी ती दोन्ही हात टेकून उठायची, मग एका हातावर आली. “दुसरा हात पण सुटंल वहिनी, घाई करायची न्हाई,” तू म्हणालास. आणि त्या आठवड्यात तू गेलास.

ती मातीला येऊ शकली नाही. मी दौंडहून परत आलो तर दारातच उभी.

“नीट दिली का माती?”

“दिली.”

“दोन्ही हातांनी?”

“हो.”

मग ती खुर्चीत बसली. आणि बसलीच. वर्ग बंद, शेड रिकामं, आणि ती दिवसभर त्या खुर्चीत. आठवडा गेला, दुसरा गेला. उठताना पुन्हा दोन्ही हात टेकायला लागली, मग मला हाक मारायला लागली. मी समोर स्टूल घेऊन बसलो, म्हणालो, चल, थाप भाकरी. ती माझ्याकडे बघत राहिली. मला कळत होतं की गुडघा आखडत चाललाय, शिरूरचे डॉक्टर आता पुण्याला पाठवणार, आणि तरी खरं सांगतो, माझ्या मनात त्या वेळी गुडघा नव्हता. मी बघत होतो की ही किती रडते. मी गेल्यावर इतकी रडेल का, याचा मी हिशेब लावत होतो. उत्तर माझ्या बाजूचं येत नव्हतं.

एका सकाळी हिरामावशी आली. “गुरुजी, शेडात म्हशी बसायला लागल्यात. तुम्ही शिट्टी मारा आता. तुमच्याबिगर हाय कोण शिकल्यालं?”

तुला खोटं का सांगू, शब्बीर? याच बोलावण्याची मी वाट बघत होतो. तुझा वर्ग चालू असताना तू मला एकदाही आत बोलावलं नाहीस. रोज समोर कट्ट्यावर बसायचो. माझेही गुडघे वाजतात, तुला ऐकू जात होते. गावातला प्रत्येक म्हातारा तू हाताला धरून आत नेलास, आबांना तर घरून उचलून आणायचास, आणि मला कधी म्हणाला नाहीस, ये रे इतिहासा, बस. हा काटा तेव्हापासून आहे.

तर मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सुमन आली नाही. मी सगळ्यांना आधी नमस्कार केला आणि सांध्यांची रचना सांगायला सुरुवात केली. गुडघ्यातली गादी कशी झिजते. हाडांची झीज आणि वय. मग मला वाटलं, थोडी पार्श्वभूमी दिली तर बरं, म्हणून शरीरश्रम आणि यंत्रयुग यावर आलो. सगळे ऐकत होते. फारच शांतपणे ऐकत होते. तेव्हा आबांनी बोट वर केलं.

“गुरुजी, घंटा कवा व्हायची?”

घरी येऊन मी सुमनला हे सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण दुसरं कुणी नव्हतं. ती हसली. तेच हसू. आणि मग म्हणाली, “तुम्हाला भावजींनी आत का बोलावलं न्हाई, ठावं हाय का?”

“का?”

“मीच एकदा म्हणाले, ह्यांना पण घ्या की आत, बाहेर उन्हात बसत्यात. तर म्हणाले, वहिनी, त्याला तिथंच बसू द्या. तो पेपर खाली घेऊन बघतो तवा तुमची पाठ ताठ होती. तो आत आला तर शिकवायला लागंल, आन् तुम्ही भांडी घासायला जाल.”

मी इस्त्रीच्या शर्टाची बटणं काढायला लागलो.

“खोटं हाय का?” ती म्हणाली. “तुम्ही चोरून बघता तवा मला जोर येतो. समोर बसून बघता तवा परीक्षा वाटती. तुम्ही आपलं कट्ट्यावर बसा. मग येते मी.”

म्हणजे शब्बीर, इतके दिवस मी तुझा प्रेक्षक आहे असं मला वाटत होतं, आणि तू मला खुर्च्यांसारखा मांडून ठेवला होतास. मला न विचारता, माझ्याच बायकोसाठी. आणि ती मला बघून ताठ बसते हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही, ते तुला शेडातल्या खांबाजवळून कळलं. यावर तुझे आभार मानायचे की तुझ्याशी भांडायचं, हे मी अजून ठरवलेलं नाही. दोन्हीसाठी तू समोर लागतोस.

वर्ग पुन्हा सुरू झाला. हिरामावशी घेते. ती कारण सांगत नाही, नुसती ओरडते. माणसं खूश आहेत. खुर्च्या भिंतीला लावते, ताक घुसळून घेते, उठण्याच्या व्यायामाला प्रत्येकाजवळ जाऊन उभी राहते. मी कट्ट्यावर असतो.

परवा उठण्याचा व्यायाम चालू होता. सुमनने पाय मागे घेतले, छाती पुढे आणली, हात छातीवर दुमडले. मागचे काही दिवस ती तिथवर यायची आणि मग एक हात आपोआप खुर्चीकडे जायचा. परवा तो गेला नाही. ती वर आली. मधेच थरथरली, मावशीने हात पुढे केला, तिने मानेनेच नको म्हटलं, आणि ती उभी राहिली. पूर्ण. मग सावकाश बसली, धपकन नाही, आणि पुन्हा उठली. आबांनी टाळ्या वाजवल्या. मावशी म्हणाली, “जमलं की गं बाई!”

उभी राहिल्यावर सुमनने आधी बघितलं ते शेडच्या खांबाकडे, जिथे तू उभा राहायचास. मग माझ्याकडे. मी हे नीट बघितलं, म्हणून क्रम सांगतो.

घरी येताना स्कूटर उसाच्या ट्रॉलीमागे अडकली तेव्हा माझ्या खांद्यावरचा तिचा हात जरा घट्ट झाला.

“भावजींना कळवायला पाहिजे होतं,” ती म्हणाली.

“हं.”

“त्यांना लई आनंद झाला असता.”

“हं,” मी म्हणालो. ट्रॉली पुढे गेली तरी मी गाडी पुढे घेतली नाही, मागचा माणूस हॉर्न वाजवायला लागला. कारण ती उभी राहिली त्या क्षणी, ती खांबाकडे बघायच्याही आधी, मी पेपर खाली टाकून तिकडेच बघितलं होतं. तुझ्याकडे. मी तिला हे सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही.

पण तुझी आठवण आधी मला आली, शब्बीर. निदान एवढ्यात तरी मी पहिला होतो.